सोसणं आणि सांगणं

पुस्तकांच्या मोठ्या दुकानांत हल्ली मोठ्या माणसांनी रंगवायच्या वह्या मिळतात. मुखपृष्ठावर नक्षीचं वर्तुळ आणि खाली ताणमुक्तीचं आश्वासन. मोबाइलवर झोपेचा राग, चिंतेचा राग, रक्तदाबाचा राग अशा याद्या फिरत असतात. कोणता राग कोणत्या रोगावर, हे त्यांत इतक्या ठामपणे लिहिलेलं असतं की एखाद्या औषध कंपनीला एवढं ठाम बोलायची परवानगीच मिळायची नाही. उलट टोकाला, कला हा पोट भरलेल्यांचा विरंगुळा आहे, आजारी माणसाला डॉक्टर लागतो आणि गरिबाला पैसा, असं म्हणणारेही आहेत. दोघांचंही काम सोपं आहे, कारण पुरावा काय म्हणतो हे बघायची तसदी दोघंही घेत नाहीत.

पुरावा आहे आणि पुष्कळ आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने नोव्हेंबर 2019 मध्ये या विषयावरचा एक मोठा आढावा प्रसिद्ध केला. डेझी फॅनकोर्ट आणि सिर्शा फिन या दोघींनी त्यासाठी 900 हून अधिक प्रकाशनं तपासली. त्यांत मिळून 3,000 हून जास्त अभ्यास होते. गाणं, नाच, चित्र, नाटक, वाचन, संग्रहालयाची भेट, सगळं त्यात आलं. आजार टाळायला, तब्येत सांभाळायला आणि जडलेलं दुखणं हाताळायला कलेचा हातभार लागतो, असा एकंदर सूर निघाला. बातमीत येतं ते एवढंच. इतक्या अभ्यासांचा दर्जा एकसारखा नाही, हा भाग सहसा मागे राहतो.

आणि खरी गंमत तिथेच आहे. ब्रिटनमध्ये स्किझोफ्रेनियाच्या 417 रुग्णांवर झालेली एक चाचणी 2012 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आली. रुग्णांचे यदृच्छेने तीन गट पाडले. एकाला वर्षभर दर आठवड्याला चित्रकला-उपचाराची बैठक, दुसऱ्याला गटाने काही वेगळं करायची सोय आणि तिसऱ्याला नेहमीचेच उपचार. दोन वर्षांनी बघितलं तर तिन्ही गटांत दखल घेण्याजोगा फरक नव्हता. कलेवर भिस्त ठेवणाऱ्यांना हा धक्काच होता. तपशिलात गेलं की दिसतं, बैठकांना येणारेच फार थोडे होते. ज्याला सकाळी अंथरुणातून उठायची इच्छा होत नाही त्याला बसने जाऊन कुंचला धरायला सांगणं सोपं नसतं. पण म्हणून निकाल बाजूला सारता येत नाही. जे औषध रुग्ण घेतच नाही ते औषध म्हणून अपुरंच ठरतं. 2017 मध्ये नऊ देशांतल्या 364 स्वमग्न मुलांवर संगीतोपचाराची चाचणी झाली, तिथेही मूळ लक्षणांत फरक पडला नाही.

याच्या शेजारी लंडनमधला 2018 चा अभ्यास ठेवून बघा. बाळंतपणानंतर नैराश्याची लक्षणं असलेल्या 134 आया होत्या. काहींना दहा आठवडे बाळाला घेऊन गाण्याच्या गटात बसवलं, काहींना बाळासोबत खेळण्या-करण्याच्या गटात, बाकीच्यांना नेहमीची काळजी. दहा आठवड्यांत सगळ्याच सुधारल्या, पण ज्यांची लक्षणं जास्त होती त्यांच्यात गाणाऱ्या आया लवकर सावरल्या. खेळाच्या गटात तेवढा वेग दिसला नाही. म्हणजे चार बायका एकत्र जमणं पुरेसं नव्हतं, गळ्यातून आवाज निघणंही लागलं. बाळंतिणीच्या खोलीत अंगाई आणि डोहाळजेवणात गाणी ठेवणाऱ्या आपल्या आज्यांना याचं नवल वाटलं नसतं. अर्थात, त्यांच्या काळात बाळंतिणीच्या रडण्याला आजार म्हणत नसत, बाहेरचं म्हणत, हेही विसरायला नको.

पन्नाशीपुढच्या 6,710 इंग्रज लोकांचा चौदा वर्षं माग ठेवलेला एक अभ्यास वारंवार सांगितला जातो: दर काही महिन्यांनी संग्रहालय, नाटक, मैफल गाठणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका 31 टक्क्यांनी कमी. पैसा, शिक्षण, तब्येत यांचा हिशोब संशोधकांनी वजा केला होता. तरीही नाटकाला जाऊ शकणारा माणूस आणि न जाऊ शकणारा माणूस यांच्यात मोजता न येणारे बरेच फरक असतात. या आकड्यावर मी फार भार टाकणार नाही.

मला जास्त शिकवून गेला तो गोव्यातला एक अभ्यास, आणि त्यात कलेचं नावही नाही. ‘संगाथ’ ही 1996 पासून गोव्यात काम करणारी संस्था. तिथे विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, तीव्र नैराश्य असलेल्या 495 प्रौढांवर एक साधा उपचार करून बघितला. तो करणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, थोडं प्रशिक्षण दिलेली गावातली-शहरातली साधी माणसं होती. ते सहा-आठ बैठकांत काय करत? माणसाने सोडून दिलेली, पूर्वी बरी वाटणारी कामं शोधायची, त्यांतलं एखादं ठरवून करायचं आणि पुढच्या वेळी ते झालं का विचारायचं. मन सुधारलं की काम करू, असं न म्हणता काम केलं की मन हळूहळू मागून येतं, हे त्यामागचं सूत्र. तीन महिन्यांनी हा उपचार मिळालेल्यांतले 64 टक्के नैराश्यातून बाहेर आले होते, फक्त नेहमीची काळजी मिळालेल्यांतले 39 टक्के. ‘लॅन्सेट’ने 2017 मध्ये हे छापलं.

हे वाचल्यावर कलेच्या उपयोगाकडे वेगळ्या कोनातून बघता येतं. कलेने मनातलं विष बाहेर पडतं, ही आपली लाडकी समजूत. पण नुसतं बाहेर पडण्याचा फायदा मोजला तेव्हा तो लहानच भरला. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी 1986 मध्ये विद्यार्थ्यांना चार दिवस रोज पंधरा मिनिटं मनातल्या जखमेबद्दल लिहायला लावलं. तेव्हापासून हा प्रयोग जगभर झाला. 2006 मध्ये अशा 146 अभ्यासांची एकत्र बेरीज केली गेली. फायदा निघाला, पण अगदी बारीक. आठवड्याला ठरलेली वेळ, ठरलेली माणसं, हाताला काम आणि कालच्यापेक्षा आज थोडं जमलं याचा दाखला, या गोष्टी उमाळ्यापेक्षा जास्त काम करत असाव्यात, असं माझं मत होत चाललं आहे.

अनिल अवचट यांची आठवण इथे होणारच. ‘गर्द’च्या व्यसनावर लिहिणारे, 1986 मध्ये डॉ. अनिता अवचटांबरोबर पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभं करणारे अवचट स्वतः कागदाच्या घड्या घालून प्राणी करत, लाकूड कोरत, बासरी वाजवत. त्यांचं छंदांवरचं लेखन वाचताना जाणवतं, की त्यांना त्यात कलावंत व्हायचं नव्हतं. लाकडाच्या रेषा कुठल्या दिशेने जातात ते बघत पटाशी चालवायची, चुकलं तर आकार बदलायचा. केंद्र सुरू झालं ते येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने. व्यसन सुटलं की दिवसात एक मोठं भगदाड पडतं: संध्याकाळचे ते दोन-तीन तास, ती मित्रमंडळी, हाताची ती सवय. व्यसन सोडलेल्या माणसाला विचारलं तर तो तलफेपेक्षा या रिकाम्या वेळेबद्दलच जास्त बोलतो. तिथे हाताला काहीतरी लागतं.

पुण्यातच 2010 पासून नर्तक हृषीकेश पवार पार्किन्सन्सच्या रुग्णांना नाच शिकवत आले आहेत; पार्किन्सन्स मित्रमंडळाची त्यात साथ आहे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने 2001 मध्ये असाच वर्ग सुरू केला होता. या आजारात पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, चेहरा थिजतो आणि नैराश्यही बऱ्याचदा सोबत येतं. ताल मिळाला की अडकलेलं पाऊल सुटायला मदत होते, हे मेंदूच्या अभ्यासकांनाही माहीत आहे. नाचाने आजार बरा होत नाही. पण फिजिओथेरपीचा व्यायाम चुकवणारे आजोबा नाचाचा वर्ग चुकवत नाहीत, यातलं व्यावहारिक शहाणपण चित्रकला-उपचाराच्या त्या ब्रिटिश चाचणीतल्या रिकाम्या खुर्च्यांशी ताडून बघण्यासारखं आहे.

आता एक जुना गैरसमज. वेदनेतून कला जन्मते, वेडातून तर महान कला, हे आपण इतक्यांदा ऐकलं आहे की ते कौतुकच वाटतं. व्हॅन गॉगचं उदाहरण हटकून दिलं जातं. 1889 च्या मे महिन्यात तो स्वतःहून सँ-रेमीच्या मनोरुग्णालयात दाखल झाला आणि वर्षभरात त्याने तिथे सुमारे 150 चित्रं केली. पण झटका येई तेव्हा तो सहसा रंगवत नसे. तेव्हा तो रंगच तोंडात घाली, म्हणून रंग त्याच्यापासून दूर ठेवावे लागत. बहुतेक चित्रं झाली ती झटक्यांच्या मधल्या निवांत काळात. आजाराने त्याच्याकडून चित्रं काढवून घेतली नाहीत, आजाराच्या तावडीतून सुटलेल्या वेळात त्याने ती काढली.

रुग्णांच्या चित्रांचा इतिहासही निर्मळ नाही. जर्मनीत हायडेलबर्गच्या हान्स प्रिन्झहॉर्न यांनी मनोरुग्णालयांतून हजारो चित्रं-शिल्पं गोळा केली आणि 1922 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. युरोपातले आधुनिक चित्रकार त्याने भारावून गेले. पंधरा वर्षांनी, 1937 मध्ये, नाझींनी ‘अध:पतित कला’ नावाचं प्रदर्शन भरवलं, आणि पुढे ते फिरवताना आधुनिक चित्रकारांची खिल्ली उडवायला याच संग्रहातली चित्रं वापरली. त्यांतला एक चित्रकार फ्रान्झ कार्ल ब्यूलर, मूळचा लोहारकामातला कसबी कारागीर, शिकागोच्या 1893 च्या जागतिक प्रदर्शनात पदक मिळवलेला. 1940 मध्ये रुग्णांच्या सामूहिक हत्येत त्याला मारलं गेलं. ब्राझीलच्या निझे दा सिल्व्हेरा यांची गोष्ट याच्या उलट. विजेचे झटके आणि मेंदूच्या शस्त्रक्रिया करायला त्यांनी नकार दिला, म्हणून रिओच्या रुग्णालयात त्यांना कमी दर्जाच्या समजल्या जाणाऱ्या व्यवसायोपचार विभागात पाठवलं. त्यांनी तिथे 1946 मध्ये चित्रशाळा उघडली आणि 1952 मध्ये त्या चित्रांचं संग्रहालय. ‘आर्ट थेरपी’ हा शब्दही 1940 च्याच दशकातला. एड्रियन हिल या इंग्रज चित्रकाराने तो क्षयाच्या आरोग्यधामात पडल्यापडल्या वापरात आणला.

नाझींच्याच काळातली आणखी दोन माणसं. फ्रीडल डिकर-ब्रांडाइस ही बाउहाउसमध्ये शिकलेली चित्रकर्ती टेरेझीनच्या छावणीत कोंडलेल्या मुलांना चित्रकला शिकवत असे. मिळेल त्या कागदावर, मागच्या कोऱ्या बाजूवर. ती मुलांना छावणी काढायला सांगत नसे. रंगांचं नातं, रेषेची लय, कागद फाडून चिकटवणं असे चित्रशाळेतले धडेच घेई, आणि प्रत्येक चित्रावर त्या मुलाचं नाव घालायला लावी. ऑक्टोबर 1944 मध्ये तिला आउश्वित्झला नेऊन मारलं. त्याआधी सुमारे 4,500 चित्रं दोन सुटकेसमध्ये भरून लपवलेली होती, ती वाचली. मुलं बहुतेक वाचली नाहीत. वॉर्सात यानुश कोर्चाक यांनी आपल्या अनाथाश्रमातल्या मुलांकडून 18 जुलै 1942 ला रवींद्रनाथांचं ‘डाकघर’ करून घेतलं. खिडकीशी बसून राजाच्या पत्राची वाट बघणाऱ्या आजारी अमलचं नाटक. तीनेक आठवड्यांत मुलांना आणि त्यांना ट्रेब्लिंकाला नेण्यात आलं.

या कहाण्यांवरून कलेने माणसं तरतात, असं कोणी म्हणू नये. कलेने त्यांना वाचवलं नाही. मरणाच्या दारात असलेल्या मुलाला एक तास चित्रकलेचा विद्यार्थी म्हणून वागवलं गेलं, एवढंच झालं. फ्रीडलची एक शिष्या, एडिथ क्रेमर, पुढे अमेरिकेत मुलांच्या कलोपचाराची पायाभरणी करणाऱ्यांपैकी एक झाली.

आपल्याकडे तग धरण्याच्या कलेचा सगळ्यात मोठा साठा कुठे असेल तर जात्यावर. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी 1980 च्या दशकापासून महाराष्ट्राच्या गावागावांत जाऊन ओव्या गोळा करवल्या. आकडा एक लाखाच्या पुढे गेला. 2017 पासून ग्रामीण भारताची नोंद ठेवणाऱ्या ‘पारी’च्या संकेतस्थळावर त्या आवाजासकट ऐकायला मिळतात. ऐकताना दळणाची रीत समजून घ्यायला हवी. पहाटे, घर झोपलेलं असताना, दोघी समोरासमोर बसायच्या. एकाच खुंट्याला दोघींचे हात. एकीने ओढायचं, दुसरीने ढकलायचं, मधेच मूठभर दाणे टाकायचे. ओवीची लांबी पाळूच्या फेऱ्याशी जुळलेली, त्यामुळे दम कुठे घ्यायचा हे जातंच ठरवी. आणि त्या लयीत काय काय यायचं! न आलेला भाऊ, लेकीची पाठवणी, सासूचा जाच, नवऱ्याचा मार, पंढरीची वाट, दलित बायांच्या ओव्यांत बाबासाहेब. घरात दिवसा जे उच्चारलं तर पाठीवर बसलं असतं, ते जात्याला देव म्हणून हाक मारून त्याला सांगता यायचं. समोरची ऐकायची, आणि तिची पाळी आली की आपली भर घालायची.

वेळ ठरलेली, सोबत ठरलेली, हाताला काम, श्वासाला लय. आजचा एखादा उपचारक कार्यक्रम आखायला बसला तर याहून वेगळं काय आखेल? पण इथेच एक प्रश्न अडतो. ओवी म्हणून बाई हलकी झाली आणि दिवस उजाडल्यावर त्याच सासरी तेच सोसायला लागली. सोसायचं बळ पुरवणारी कला सोसायला लावणाऱ्याच्याही सोयीची असते. माणसाची चिवट सहनशक्ती वाढवण्याबद्दल आज कंपन्या आणि सरकारं इतक्या उत्साहाने बोलतात, तेव्हा माझ्या मनात ही शंका डोकावते. गिरणी आली, जातं गेलं, आणि त्याबद्दल कुठल्याही म्हातारीने सुस्कारा सोडलेला नाही. दळणं कष्टाचंच होतं. मात्र दोघींचा तो हक्काचा तास गिरणीने परत दिला नाही. भजनी मंडळात आणि बचत गटाच्या बैठकीत तो थोडाफार सापडतो.

सोसण्यातून सांगण्याकडे जाणं किती लांबचं असतं, हे बेबी कांबळे यांच्याकडे बघून कळतं. फलटणला त्यांचं लहानसं किराणा दुकान. पुड्या बांधायला आणलेल्या रद्दी वर्तमानपत्रांवर त्यांचं वाचन झालं. गिऱ्हाईक नसेल तेव्हा गल्ल्यावर बसून त्या लिहीत आणि कागद अडगळीत दडवून ठेवत. जवळजवळ वीस वर्षं घरच्यांना पत्ता लागू दिला नाही. अभ्यासक मॅक्सीन बर्नसन यांच्या आग्रहाने ते ‘स्त्री’ मासिकात आलं आणि 1986 मध्ये ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक झालं. त्यात महारवाड्याचं जगणं आहे, आंबेडकरांच्या चळवळीने उभी केलेली बाई आहे. नवऱ्याच्या मारहाणीबद्दल त्या बोलल्या ते पुढे, अनुवादक माया पंडित यांना दिलेल्या मुलाखतीत. पेनेबेकर यांच्या चार दिवस, पंधरा मिनिटं या मापात हे कसं बसवायचं?

त्याच्याही पुढचं पाऊल विदर्भात पडलं. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या बायकांवरचं ‘तेरवं’ हे नाटक श्याम पेठकर यांनी लिहिलं, हरीश इथापे यांनी बसवलं, आणि अशा विधवा बायाच त्यात रंगमंचावर उभ्या राहिल्या. त्यांतल्या वैशाली येडे यांनी जानेवारी 2019 मध्ये यवतमाळच्या 92 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं उद्घाटन केलं. लेखिका नयनतारा सहगल यांचं निमंत्रण मागे घेतल्यानंतरचा तो मान होता. स्वतःचं दुःख रोज रंगमंचावर उकरणं सगळ्यांना मानवेल असं नाही, आणि तालमीत त्याची काळजी घ्यावीच लागते. पण इथे बाई जात्याशी बोलत नाही. समोर गाव बसलेलं असतं, दीर बसलेला असतो, कदाचित सावकारही.

कला घातही करते. गटेच्या 1774 च्या ‘वेर्थर’ कादंबरीनंतर तिच्या नायकाच्या अनुकरणाने झालेल्या आत्महत्यांची चर्चा इतकी झाली की या परिणामाला वेर्थरचंच नाव पडलं. 2010 मध्ये व्हिएन्नाच्या संशोधकांनी ऑस्ट्रियातल्या बातम्या तपासल्या तेव्हा उलटही दिसलं: आत्महत्येच्या विचारापर्यंत जाऊन सावरलेल्या माणसाची गोष्ट छापून आली की नंतर आत्महत्या घटल्याचं आढळलं. याला त्यांनी मोझार्टच्या संगीतिकेतल्या, मरायला निघून मागे फिरलेल्या पापागेनोचं नाव दिलं. मराठीत या दुसऱ्या वाटेने सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर गेले. ‘देवराई’त स्किझोफ्रेनिया, ‘अस्तु’त स्मृतिभ्रंश आणि ‘कासव’मध्ये जीव द्यायला निघालेला तरुण. त्याला आसरा देणाऱ्या जानकीच्या मनाची जखमही पुरती भरलेली नाही. कोकणचा समुद्र, गप्प राहणं, जेवणाचं ताट. उपदेश जवळपास नाहीच. 2016 चं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक या चित्रपटाला मिळालं. यांतल्या ‘अस्तु’ आणि ‘कासव’मध्ये काम केलेले डॉ. मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ, आणि चित्रपट दाखवून मग प्रेक्षकांना बोलतं करणं हा त्यांचा वर्षानुवर्षांचा उद्योग आहे. पोस्टर लावून जे साधत नाही ते अशा चर्चेत साधतं, कारण घरातल्या आजारी माणसाबद्दल बोलायला संकोचणारा माणूस पडद्यावरच्या माणसाबद्दल मोकळेपणी बोलतो.

मात्र हे सगळं एका मोठ्या खड्ड्याच्या काठावर उभं राहून बोलायचं आहे. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार दर दहा प्रौढांत एकाला तरी मानसिक आजार आहे, आणि नैराश्य-चिंतेसारख्या आजारांत 85 टक्के लोकांपर्यंत उपचार पोचत नाहीत. लाखभर लोकांमागे एकही पूर्ण मनोविकारतज्ज्ञ नाही; हिशोब 0.75 चा येतो. कलेने हा खड्डा भरणार नाही. जीव नकोसा झालेल्या माणसाला आधी 14416 हा टेली मानस या सरकारी मदतवाहिनीचा क्रमांक लावून द्यायचा, डॉक्टरकडे न्यायचं, औषध चालू करायचं. बासरी त्याच्यासोबत किंवा त्याच्यानंतर.

पैसे कुठे घालावेत असं मला कोणी विचारलं तर मी नव्या ‘थेरपी सेंटर’च्या आधी शाळेचा चित्रकलेचा तास म्हणेन. आगाशे यांनी 1980 च्या दशकात बर्लिनची ग्रिप्स रंगभूमी पुण्यात आणली, मोठ्या नटांनी मुलं होऊन मुलांचेच रोजचे पेच मांडायची. ती बघत वाढलेली एक पिढी आज पालक आहे. आणि त्यांच्या मुलांच्या शाळेत? परीक्षा जवळ आल्या की चित्रकलेच्या तासाला गणिताचे सर येतात. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना मात्र गर्दी असते, कारण इंटरमिजिएट झाली की दहावीला वाढीव गुण मिळतात. ते मिळाले की रंगपेटी माळ्यावर जाते.